लेगिंग चढवताना मोडलेलं हाड

पत्र

ताई, आमची चिऊ ९ वर्षांची आहे. सातव्या महिन्यात जन्मली, सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर परिणाम) आहे, चारही हातपाय कडक. आधारानं बसते, स्वतःची उभी राहत नाही. बोलत नाही, पण सगळं कळतं. वजन १६ किलो. फिटसाठी फेनोबार्बिटोन वर्षाची असल्यापासून चालू आहे. फेब्रुवारीत नणंदेच्या लग्नाला निघताना तिला लेगिंग घालत होते. डावा पाय ताठ झाला होता, मी जरा ओढून चढवली तर 'कट्' असा आवाज आला. ती रात्रभर रडली. आम्हाला वाटलं कडकपणा वाढलाय, म्हणून तेल लावलं, शेकलं. सकाळी गुडघा सुजलेला. एक्स-रे काढला तर गुडघ्याच्या वर हाड मोडलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हिला कुणी मारलं का?" व्हिटॅमिन डी तपासलं, ते ८ आलं. ५ आठवडे प्लास्टर, आणि आठवड्याला व्हिटॅमिन डीचं ६० हजार युनिटचं एक पाकीट, असे ८ आठवडे. पाकिटं आता संपत आलीत. मेडिकलवाला म्हणतो, चालूच ठेवा, नुकसान काही नाही. पुण्याचे दीर म्हणतात, सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन देऊन टाका. सासूबाई म्हणतात, तुझा हातच जड आहे. लातूरला उन्हाची काय कमी? रोज सकाळी सातला तिला गॅलरीत कोवळ्या उन्हात ठेवतो, तरी असं कसं? फिटचं औषध बंद केलं तर हाडं सुधारतील का? थेरपीवाल्या ताई परत स्टँडिंग फ्रेममध्ये (पट्ट्यांनी बांधून उभं करायची चौकट) उभं करा म्हणतात, माझी छाती होत नाही. आणि मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे. तिला काय घालू, तेही आता कळत नाही.
— चिऊची आई, लातूर

उत्तर

चिऊच्या आई,

आधी सासूबाईंचं घेते. ते तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंय, पण पेन सगळ्यात जास्त तिथेच दाबलेलं दिसतंय.

चिऊचं हाड मोडलं ते मांडीचं, गुडघ्याच्या वर तीन-चार बोटांवर. न चालणाऱ्या सीपीच्या मुलांची हाडं सर्वात जास्त वेळा मोडतात ती नेमकी याच जागी. गुडघा कडक असतो, वाकायला तयार नसतो. तुम्ही धरता पाऊल. पावलापासून गुडघ्यापर्यंतचा पाय म्हणजे लांब दांडा. त्या दांड्याला खाली जरा पीळ बसला की सगळा जोर वर जाऊन गुडघ्यालगतच्या हाडावर पडतो, आणि तिथलं हाड आयुष्यात कधी वजन न पेलल्यामुळे पातळ राहिलेलं असतं. अशी हाडं मी लंगोट बदलताना मोडलेली पाहिली आहेत, रिक्षातून उतरवताना मोडलेली पाहिली आहेत, चांगल्या अनुभवी फिजिओच्या हातात मोडलेली पाहिली आहेत. एकदा तर प्लास्टर काढताना शेजारचं हाड गेलं. तुम्ही नऊ वर्षं दिवसातून चार-पाच वेळा या मुलीचे कपडे बदलताय. हात जड असता तर ते कळायला लेगिंगची वाट पाहावी लागली नसती.

हे सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना खिजवायला नव्हे. पुढे त्यांच्याकडे दोन कामं सोपवायची आहेत.

आता हाड पातळ का राहिलं ते बघू. व्हिटॅमिन डी ८ आलं म्हणून हाड मोडलं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते खरं आहे, पण अर्धं. घराचं बांधकाम डोळ्यांसमोर आणा. कॅल्शियम आणि फॉस्फरस हे सिमेंट-वाळू. व्हिटॅमिन डी म्हणजे हमाल. तो आतड्यातून माल उचलून रक्तात आणून टाकतो. पण भिंत कुठे आणि किती जाड घालायची हे सांगतो तो मुकादम, म्हणजे हाडावर पडणारं वजन आणि स्नायूंची ओढ. मूल रांगतं, उभं राहतं, धपकन पडतं, पळतं, तेव्हा दर धक्क्याला हाड जाड होत जातं. चिऊच्या बांधकामावर हा मुकादम फारसा आलाच नाही. त्यात हमाल कमी, आणि १६ किलो वजनावरून दिसतंय की सिमेंटही बेताचंच. म्हणून नुसतं ८ चं ३० करून भागणार नाही. डी वाढवणं हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम आहे, ते करायचंच. पण आकडा वाढला म्हणून फ्रेम अडगळीत टाकली तर हमाल माल आणून ठेवेल आणि तो तसाच पडून राहील.

लातूरला ऊन असून असं कसं, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण यात माझीही चूक आहे. 'बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात न्या' हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं, मीही सांगितलं. कोवळं ऊन छानच असतं. ऊब मिळते, कडक स्नायू थोडे सैल होतात, मूल खुशीत येतं. पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे अतिनील 'बी' किरण सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. तुमच्या गॅलरीला काचेची सरकती खिडकी असेल तर मग काहीच नाही. काच ऊब आत सोडते, हे किरण अडवते.

घड्याळापेक्षा सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की हे किरण कामाचे. लातूरला मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारासच येते. डिसेंबरात मात्र दुपारी बाराच्या मागेपुढे तासभर, एवढीच. म्हणजे आत्ताच्या दिवसांत चिऊला बारा वाजता भाजून काढायची मुळीच गरज नाही. साडेनऊच्या आसपास १५-२० मिनिटं, हात-पाय उघडे, डोक्यावर टोपी किंवा सावली, गॅलरीची काच उघडी. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांत उरकू नका. पण चिऊला तहान लागली तर सांगता येत नाही, ही गोष्ट विसरू नका. आधी आणि नंतर पाणी, आणि तिच्या पद्धतीनं, म्हणजे ठसका लागू नये म्हणून पाणी घट्टसर करून देत असाल तर तसंच. पुढे कधी फिटसाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड सुरू झालं तर उन्हाळ्यात जास्त जपायचं, या औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं.

हे उन्हाचं काम सासूबाईंचं. सावली मोजायला त्यांना आवडेल.

ऊन नीट मिळालं तरी चिऊला औषध लागणारच. कारण फेनोबार्बिटोन. हे औषध, तसंच फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, यकृतातल्या एन्झाइमांना कामाला जुंपतात आणि ती एन्झाइमं व्हिटॅमिन डी झपाट्यानं मोडून टाकतात. हमाल कामावर येतो आणि दारातूनच परत पाठवला जातो. आठ वर्षं हे चालू आहे. पण म्हणून औषध बंद करायचं का? नाही. आणि हे 'नाही' मी पत्रातल्या बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा मोठ्यानं म्हणते आहे. फेनोबार्बिटोन एकदम थांबवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. ती जिवावर बेतते, आणि फिटच्या झटक्यातही हाड मोडतं. तुम्ही एवढंच करा: पुढच्या वेळी मेंदूविकार डॉक्टरांना विचारा की इतकी वर्षं झाली, हे औषध अजून हेच हवं का, की हळूहळू दुसऱ्यावर नेता येईल? कधी येतं, कधी नाही. तो निर्णय त्यांचा, आणि बदल महिनोन्महिने चालणारा.

आता पाकिटं. एक सोपा हिशोब मांडते, मेडिकलवाल्यालाही दाखवा. ९ वर्षांच्या मुलाला रोजची गरज ६०० युनिटची, म्हणजे वर्षाला साधारण २ लाख १९ हजार. दर आठवड्याला ६० हजारांचं पाकीट वर्षभर चालू ठेवलं तर होतात ३१ लाख २० हजार. चौदापट! 'नुकसान काही नाही' हे बी-कॉम्प्लेक्सबद्दल एक वेळ चालेल, ते लघवीतून निघून जातं. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, महिनोन्महिने राहतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडात खडे होतात. लक्षणं काय? भूक जाते, उलट्या, खूप तहान, खूप लघवी, सुस्ती, बद्धकोष्ठ. यातलं बद्धकोष्ठ आपल्या मुलांना नेहमीचंच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पाकिटं सुरू झाल्यापासून चिऊला यातलं काही नव्यानं दिसत असेल तर तपासणीपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा.

म्हणून आठ आठवड्यांची पाकिटं संपली की थांबायचं. उपचार सुरू केल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. नुसतं डी नव्हे, सोबत कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. मधल्या काळात आणि पुढे रोजचा लहान डोस हवा. फेनोबार्बिटोन चालू असलेल्या मुलांना तो इतर मुलांपेक्षा जास्त लागतो, बहुतेक वेळा दुपटी-तिपटीनं. किती, ते तुमच्या डॉक्टरांनी वजन आणि रिपोर्ट पाहून लिहून द्यायचं. थेंब लिहून दिले तर बाटलीवरचं लेबल नीट वाचा. एका मिलीलिटरला ४०० युनिटचे थेंब मिळतात तसे ८०० चेही मिळतात, आणि दुकानात एक संपले की दुसरे हातात ठेवतात. पाकीट असो की थेंब, जेवणासोबत द्या, दुधात किंवा तूप घातलेल्या घासात, कारण ते स्निग्ध पदार्थाबरोबर नीट शोषलं जातं. आणि वाटीभर दुधात कालवू नका. अर्धी वाटी ओघळून रुमालावर गेली की डोस किती गेला ते देवालाच ठाऊक. दोन चमचे दुधात कालवून पहिल्या घासाला द्या.

रिपोर्ट आला की आणखी एक घोळ होईल. लॅबच्या कागदावर ३० च्या खालचं सगळं ठळक अक्षरांत 'कमी' म्हणून येतं. लहान मुलांत आम्ही १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं आणि २० च्या वर पुरेसं धरतो. तेव्हा चिऊचं २६ आलं तर रडू नका. आणि रिपोर्टवर एकक कुठलं आहे ते बघा. नॅनोग्रॅमचे २० म्हणजे नॅनोमोलचे ५०. पुण्याला एका लॅबमध्ये आणि लातूरला दुसऱ्या लॅबमध्ये केलं की एकदा २० आणि एकदा ५० असं येतं आणि घरात पेढे वाटले जातात.

दिरांच्या सहा लाखांच्या इंजेक्शनला माझा विरोध आहे. ते म्हणजे दहा पाकिटं एका सुईत. चिऊला तोपर्यंत आठ पाकिटांचे ४ लाख ८० हजार युनिट मिळालेले असतील. त्यावर सहा लाख म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबसुद्धा ओसंडून वाहणारा. जिथे रोजचं औषध देणारं कुणी नाही तिथे मोठा डोस नाइलाजानं देत असत. तुमच्या घरी रोज देणारी माणसं आहेत.

आता खाणं. पत्रात लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करते: मऊ भात, वरणाचं पाणी, आणि चहात बुडवलेलं बिस्किट. (चुकले असेन तर माफ करा. शंभरातल्या नव्वद घरांत मी बरोबर ठरते.) चहा-बिस्किटात हाडाला लागणारं काही नाही आणि पोट मात्र भरतं. चिऊच्या वयाला दिवसाला साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दिवसभरात ३०० मिली दूध पोटात गेलं तर साडेतीनशेच्या आसपास झालं. एक वाटी दही, आणखी सव्वाशे. नाचणीच्या ३० ग्रॅम पिठाची घट्टसर खीर, सुमारे शंभर. साल न काढलेल्या तिळाची बारीक पूड चमचाभर त्यात, आणखी पन्नासेक. झालं की! गोळीशिवाय झालं.

नाचणीबद्दल एक नाजूक गोष्ट, सासूबाई रागावतील. आपण बाळासाठी नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाटतो आणि फडक्यातून गाळून पांढरं सत्त्व काढतो. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालात असतं, आणि ते सगळं फडक्यात राहतं. वस्त्रगाळ करू नका. मोड आणा, वाळवा, भाजा, दळून आणा आणि बारीक चाळणीनं एकदाच चाळा. हे सासूबाईंचं दुसरं काम. तिळाचंही तेच, साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम फार कमी उरतं. खिरीत चमचाभर तूप घाला, कारण चिऊला वजनही हवं आहे. १६ किलो हे तिच्या वयाला कमी आहे, आणि उपाशी शरीर हाड बांधत नाही. भरवताना तिला ताठ बसवा, मान मागे पडू देऊ नका. जेवण भरवायला रोज तास-तास लागत असेल, ठसका लागत असेल, वारंवार छाती भरत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा. पोटात नळी घालून भरवण्याचा विचार त्या वेळी करावा लागतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यानंतर बाळसं धरलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता फ्रेम. तुमची छाती होत नाही, ते अगदी समजतं. पण ५ आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये तिचं हाड आणखी पातळ झालेलं आहे, दुसऱ्या पायाचंही, कारण तेवढे दिवस तीही पडूनच होती. प्लास्टर निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. या काळात पाय ओढून ताणायचा नाही, पण कायमचं झोपवूनही ठेवायचं नाही. हाडाच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून 'वजन टाका' असं म्हटलं, की सुरुवात पाच-दहा मिनिटांनी. फ्रेममध्ये तिच्या वजनाचा काही भाग पाठीवर आणि पट्ट्यांवर पेलला जातो, मागे कललेली फ्रेम असेल तर अजूनच. म्हणजे पहिल्या दिवशी सगळं वजन पायावर येणारच नाही. हळूहळू कोन सरळ करत, वेळ वाढवत, आठवड्यातले ५ दिवस, दिवसातून एकूण ६० ते ९० मिनिटं एवढं पुढचं लक्ष्य. सलग नव्हे, दोन-तीन हप्त्यांत. टीव्हीवर तिचं आवडतं काही चालू असेल तेव्हा. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर पट्टा आवळून सरळ करायचा नाही. मऊ गादी लावून आहे त्याच कोनात उभं करायचं.

सुरू करण्याआधी कमरेचा एक एक्स-रे झाला आहे का ते विचारा. या मुलांचे खुबे हळूहळू सरकतात, आणि सरकलेल्या खुब्यावर उभं केलं की दुखतं. चिऊ उभी राहताना कायम रडत असेल तर ते 'आळस' म्हणून सोडू नका.

आणि आता जिथून सुरुवात झाली ते, कपडे. कासार बांगडी कशी भरतो आठवून बघा. बांगडी जोरानं ओढत नाही. हात आपल्या मुठीत घेतो, दाबून दाबून मऊ करतो, आणि मग बांगडीतून हात काढतो. तसंच करायचं. पँटचा अख्खा पाय गोळा करून आपल्या मनगटावर चढवा. मग तोच हात पँटच्या खालच्या तोंडातून बाहेर काढून चिऊचं पाऊल टाचेसकट तळव्यात धरा, आणि दुसऱ्या हातानं कापड आपल्या मनगटावरून तिच्या पायावर सरकवा. ओढायचं कापड, पाय नाही. कापड गुडघ्याशी आलं की एक हात मांडीखाली. पाय ताठ झाला तर थांबा. गुडघ्यामागे हात ठेवून गुडघा आणि खुबा हळूच दुमडू द्या, जोर लावू नका. अर्ध्या-एक मिनिटात कडकपणा ओसरतो. आधी जास्त कडक पाय घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. लंगोट बदलताना दोन्ही घोटे एका हातात धरून ढुंगण वर उचलण्याची आपल्या सगळ्यांची सवय असते, ती आजपासून बंद. खांदा आणि कंबर एकदम धरून कुशीवर वळवा, लंगोट सरकवा, परत वळवा. उचलून घेताना एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली. काखेत हात घालून, पाय लोंबकळत, कधीही नाही.

हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पलंगाशेजारी चिकटवा. शाळेत जात असेल तर एक प्रत दप्तरात, एक गाडीवाल्या काकांकडे. 'हिची हाडं ठिसूळ आहेत, पाय ओढू नका' एवढं पहिल्या ओळीत.

त्या रात्री तुम्ही तेल लावलंत, शेकलंत. कुणीही तेच केलं असतं. पण यापुढे, एखादाच हात किंवा पाय हलवला की ती किंचाळते, तिथे सूज किंवा गरमपणा आहे, अचानक एका बाजूचा कडकपणा वाढलाय किंवा विनाकारण फिट वाढल्यात, असं दिसलं तर चोळायचं नाही, शेकायचं नाही. पाय आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंनी उशी किंवा चादरीच्या गुंडाळ्या लावून बांधा आणि त्याच दिवशी एक्स-रे.

'हिला कुणी मारलं का' हा प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो. जे मूल बोलू शकत नाही त्याचं हाड मोडलं तर न विचारणं ही चूक ठरेल, कारण अशा मुलांना खरंच मारहाण होते. पण सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. ते त्यांचं चुकलं. तुम्ही आता एवढं करा, हाडाच्या डॉक्टरांकडून 'सीपी आणि औषधांमुळे हाडं ठिसूळ, किरकोळ जोरानं मोडलेलं हाड' असं लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा. पुढच्या वेळी तेच पान आधी पुढे करायचं.

पुन्हा हाड मोडलं तर पुढचा टप्पा असतो. मोठ्या शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात हाडांची घनता मोजतात. सीपीच्या मुलांत ती गुडघ्याजवळ, कुशीवर झोपवून मोजलेली जास्त उपयोगी, कारण वाकलेल्या खुब्यांमुळे कमरेची मापं चुकतात. पाठीचा बाजूनं काढलेला एक्स-रेही घेतात, मणके गुपचूप दबलेले असू शकतात. मग पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइन देतात. त्यानं हाडांची झीज कमी होते. पण ती देण्याआधी व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम ठीक असावंच लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. एकाच हाडावरून आत्ता त्या वाटेला जायचं का, हे हाडाच्या डॉक्टरांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी मिळून ठरवायचं.

खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी विचारते: केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्यविमा योजनेत चिऊचं नाव आहे का? सीपी त्यात बसतं, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि त्यात दवाखान्यात भरती न होता केलेल्या तपासण्या आणि थेरपीही येतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं असेल तर अर्धं काम झालंय.

राहता राहिलं भावाचं लग्न. लेगिंग नको. परकर-पोलकं शिवा, खणाचं. परकर शिंप्याला सांगून कमरेपासून खालपर्यंत मागे पूर्ण उघडा ठेवायचा, वर नाडी आणि मध्ये दोन ठिकाणी वेल्क्रो. तो पलंगावर पसरा, चिऊला कुशीवर वळवून त्यावर घ्या, आणि दोन्ही बाजू गुंडाळून बांधा. पाय उचलायचाच नाही. पोलकं पुढून उघडणारं, बाह्या जरा सैल. पोलकं शिवायला टाकताना माप घ्यायला शिंप्याला घरी बोलवा, आणि तो हात सरळ करायला गेला तर आधीच टोका.